कोऱ्या नमुन्यात तिरफळ

तांबरगावच्या फिल्टर हाऊसवर एक रीत होती. सकाळी साडेसहाला गावाचा मेन व्हॉल्व्ह सोडायच्या आधी त्या दिवशीच्या पाण्याचा पहिला पेला ड्यूटीवरच्या माणसानं उभ्याउभ्या प्यायचा. चोवीस वर्षं तो पेला लॅबवाला जालिंदर तोडकर प्यायचा. प्यायचा कसला, नाटक करायचा. डोळे मिटायचा, पाणी या गालातून त्या गालात फिरवायचा, भुवया वरखाली करायचा, आणि व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून ताटकळलेला इक्बाल नदाफ शिव्या द्यायच्या बेताला आला की म्हणायचा, "हं. सोड."

एकदा तर पेला पिऊन हा बाबा धाडकन आडवाच झाला. इक्बालनं घाबरून चाक परत आवळलं, साहेबांना फोन लावला, अर्ध्या गावाचं पाणी पाऊण तास अडलं. मग जालिंदर उठून पँट झटकत म्हणाला, "पाणी बरं आहे. तुझा माझ्यावर जीव किती आहे ते बघत होतो."

असा सगळा सुखाचा कारभार चालला होता. मग मशीन आलं, आणि मशीनबरोबर श्रीरंग मोहिते आला.

मशीनचं सरकारी नाव होतं जलसाक्षी. दोन फ्रीज शेजारी उभे करावेत एवढं धूड. आता ते नक्की काय करायचं ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा राडा त्यावरच झाला. पाणी काचेसारखं दिसलं म्हणजे त्यात काही नाही असं नसतं. धरणाच्या काठी पानं कुजतात, म्हशी डुंबतात, कुणी साबण लावतं, कुणी उष्टं ओततं. त्यातलं बरंच काही पाण्यात असं विरघळून जातं की केसाच्या दीडशेव्या भागाएवढी भोकं असलेल्या गाळणीतूनही आरपार निघतं. याचं नाव विरघळलेला सेंद्रिय कार्बन. तो मोजायचा तर आधी पाण्यात आम्लाचे थेंब टाकून बुडबुडे सोडायचे, म्हणजे दगडा-चुन्यातून आलेला कार्बन वायू होऊन उडून जातो. मग उरलेलं पाणी सातशे अंशाच्या भट्टीत थेंब थेंब सोडायचं. झाडाचं, माणसाचं, म्हशीचं जे काही असेल ते जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो किती झाला ते मोजायचं. लिटरमागे दोन मिलिग्रॅम आला तर ठीक. पाच-सहाच्या वर गेला की क्लोरीन टाकताना जपायचं, कारण हे दोघं भेटले की नको ती संयुगं तयार होतात.

इथपर्यंत जालिंदरलाही येत होतं. पण त्याचं जुनं मशीन नुसता आकडा सांगायचं. हे नवीन मशीन नावं घ्यायचं. पाण्यावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकायचं. विरघळलेली प्रत्येक गोष्ट आपल्या परीनं चमकते, त्या चमकण्याचा नकाशा काढायचं, रेणूंचे तुकडे करून वजन करायचं, आणि लाखो नमुन्यांशी ताडून सांगायचं: इतकं पिंपळाचं पान, इतका साबण, इतकं शेण.

पहिल्याच दिवशी जालिंदरनं त्याची फिरकी घ्यायची ठरवली. श्रीरंगची पाठ वळल्यावर नमुन्याच्या बाटलीत आपल्या बशीतल्या चहाचा एक थेंब सोडला आणि सोज्वळ चेहऱ्यानं बाटली लावली. मशीननं चाळीस मिनिटं घुरघुर केली आणि पडद्यावर अक्षरं आली: "चहा. म्हशीचं दूध. गवती चहा. आलं."

"च्यायला," इक्बाल म्हणाला, "ही तर आमच्या गल्लीतल्या मावशीसारखी आहे. कुणाच्या घरात काय शिजलं, बसल्या जागी सांगते."

त्या दिवसापासून मशीनचं नाव मावशी पडलं. आठवड्याभरात पालिकेचं पत्रही आलं: इथून पुढे मावशीनं हिरवा दिवा दिल्यावरच व्हॉल्व्ह सोडायचा. पेला बंद. जालिंदर ते पत्र वाचून हसला. पण असं हसला की इक्बालनं त्या दिवशी त्याची एकही चेष्टा केली नाही.

तरी मशीनचं एक वेळ ठीक होतं. मशीनला दाढी कोरायची सवय नव्हती, मशीन इस्त्रीचा शर्ट घालत नव्हतं. श्रीरंगला हे सगळं होतं. वय बावन्न, जालिंदरएवढंच, पण पोट नावाला नाही. एकटाच होता, कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवलेला, सरकारी विश्रामगृहात उतरलेला. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो सहज म्हणाला, "तोडकर, वैजयंता कशी आहे?"

वैजयंता म्हणजे जालिंदरची बायको. वहिनी नाही, मिसेस नाही. वैजयंता!

"तुम्ही... ओळखता?"

"चिपळूणला बघायला गेलो होतो की. सत्तावीस वर्षं झाली. लोक कांदेपोहे देतात, तिनं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण वाढलं होतं." श्रीरंग खिडकीतून लांब धरणाकडे बघत हसला. "मीच नाही म्हटलं. तेव्हा अक्कल नव्हती."

जालिंदरच्या पोटात कुणीतरी मोटार चालू केली. ती पुढे कितीतरी आठवडे बंद झाली नाही.

संध्याकाळी घरी आल्याआल्या त्यानं विचारलं, "वैजू, श्रीरंग मोहिते म्हणून कोणी तुला बघायला आलं होतं?"

वैजू कांदे चिरत होती. तिचा कांदा-लसूण मसाला अख्ख्या तांबरगावात एकच होता, कारण घाटावरच्या त्या मसाल्यात माहेरची आठवण म्हणून ती चार तिरफळं घालायची. दुसरं कुणीच घालत नव्हतं. ती सुरी थांबवून म्हणाली, "अगोबाई! हो. मीच नाही म्हटलं त्यांना. का हो?"

"आलाय इथं. मशीन घेऊन."

"खरंच?" तिनं डोळे पुसले, कांद्यानंच पाणावले असतील. "केस आहेत का हो त्यांना अजून?"

जालिंदरनं नकळत आपल्या टकलावरून हात फिरवला. आता मला सांगा, एखाद्या बाईनं एवढ्या वर्षांनी एखाद्या माणसाचं पहिलं काय विचारावं, तर केस! तो जेवला, पण काय जेवला ते आठवेना. जेवताना वैजू काहीतरी सांगत होती, डबा, मंगळवार, शुक्रवार असं काहीतरी. तो हूं हूं करत होता. त्याच्या डोळ्यांसमोर श्रीरंगचे केस वाऱ्यावर भुरभुरत होते.

माणूस जळायला लागला की त्याला सगळीकडे धूर दिसतो. वैजूनं नवी अबोली रंगाची साडी काढली, धूर. भांडी घासताना गुणगुणली, धूर. मंगळवारी दुपारी घरच्या फोनवर उत्तर नाही, शुक्रवारीही नाही. आणि एक दिवस फडताळातून चार पुडाचा स्टीलचा डबा गायब. त्याच आठवड्यात श्रीरंग फिल्टर हाऊसवर एक चार पुडाचा स्टीलचा डबा घेऊन आला. आणि सगळ्यांबरोबर जेवायचं सोडून मशीनच्या खोलीत दार लोटून एकटाच जेवायला बसला.

"काय रे, हा आपल्यात का नाही बसत?" जालिंदरनं इक्बालला विचारलं.

इक्बालनं भाकरीचा तुकडा तोडला. "असेल काहीतरी डब्यात, वाटून खावंसं न वाटण्यासारखं."

"कुठून येतो याला डबा?"

"मला काय विचारतोस? पण चार पुडाचा डबा आणि वैजूवहिनीच्या हाताची चव... जाऊ दे. मी काही बोललो नाही बाबा."

"तुला काय माहीत चव?"

"सगळं माहीत आहे मला," इक्बाल मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला आणि पंपाकडे निघून गेला. चोवीस वर्षं ज्यानं आपल्याला ताटकळत ठेवलं त्याला ताटकळत ठेवायची संधी माणूस सोडेल का?

जालिंदरला पुरावा हवा होता, आणि पुरावा काढणारी मावशी तर खोलीतच उभी होती. बुधवारी श्रीरंगनं जेवण झाल्यावर डबा बेसिनमध्ये भिजत घातला आणि तो धरणावर निघून गेला. जालिंदरनं बाटली नंबर एकतीस घेतली, डब्यातलं पाणी तीत भरलं, झाकण लावलं. तेवढ्यात साहेब आले. त्यानं झटकन बाटली आपल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सारली. वैजूनं जुन्या टॉवेलची शिवलेली ती पिशवी. तिच्या तळाला बारा महिने रश्शाचा लाल डाग असायचा, कारण जालिंदरच्या डब्याचं झाकण कधी नीट बसलंच नाही. साहेब तासभर बोलले. गेले. मग त्यानं बाटली काढली, पुसली आणि मावशीला लावली.

नमुन्याचं नाव काय द्यायचं, मशीननं विचारलं. रागाच्या भरात त्यानं टाइप केलं: "श्रीरंगचा डबा. वैजूचा हात?"

मशीननं आणखी एक विचारलं. "कोरा नमुना लावलेला नाही. लावायचा का?"

आता हा कोरा नमुना म्हणजे या धंद्यातलं सोवळं. एकदम शुद्ध पाणी घ्यायचं, त्याच बाटलीतून, त्याच हातानं, त्याच गाळणीतून काढायचं आणि आधी ते तपासायचं. त्यात जे काही सापडेल ते पाण्याचं नसतं, तुमचं असतं. हाताचं तेल, शर्टाचा साबण, तोंडातली तपकीर. ते खऱ्या नमुन्यातून वजा करायचं. कोरा लावल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हे जालिंदरनं स्वतः किती नवशिक्यांना दम भरून सांगितलं होतं. एकाला तर याच चुकीसाठी दिवसभर रिकाम्या बाटल्या मोजायला बसवलं होतं.

पण कोऱ्याला चाळीस मिनिटं लागतात. आणि पोटातली मोटार चालू होती. त्यानं "नको" दाबलं.

पडदा उजळला. "कांदा. लसूण. सुकं खोबरं. तिरफळ."

खाली आणखी दोन-तीन नावं होती, तिथपर्यंत जालिंदरची नजर गेलीच नाही. तो खुर्चीवर बसला. तिरफळ. त्यानं शब्द परत वाचला, मग परत. वैजूनं त्याच्यासाठी कुटलेलं तिरफळ त्या केसाळ माणसाच्या डब्यात. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं दुसऱ्या कुणासाठी चमचाभर मसाला बाजूला काढलेला त्याला माहीत नव्हता. रडू येईल असं वाटलं, पण रडण्यापेक्षा खोडी काढणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यानं बेत आखला.

येत्या रविवारी मावशीचा जाहीर कार्यक्रम होता. शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, गावकऱ्यांनी घरून कसलंही पाणी बाटलीत आणायचं, मावशी सगळ्यांसमोर सांगणार त्यात काय आहे ते. जालिंदर श्रीरंगच्या डब्याचं पाणी लावणार होता. पडद्यावर तिरफळ आलं की माइक हातात घेऊन गोड आवाजात विचारणार होता, "मोहितेसाहेब, हा डबा कुणाच्या घरचा हो?" बस. पुढचं गाव बघून घेईल.

शनिवारी त्यानं परत डब्याचं पाणी चोरलं. परत एकतीस नंबरच्याच बाटलीत. आणि बाटली परत त्याच पिशवीत.

रविवारी हॉल गच्च भरला. मावशीला टेम्पोतून आणून स्टेजवर बसवलं होतं. तिसऱ्या रांगेत वैजू, अबोली साडीत, तिच्या बचत गटाच्या बायकांबरोबर. जालिंदर स्टेजवर चढताना त्याला तिचं बोलणं ऐकू आलं. ती शेजारणीला सांगत होती, "मशीन असेल कितीही हुशार. पण आमच्या ह्यांनी हात लावल्याशिवाय ती चालत नाही."

त्याचा पाय पायरीवर अडखळला. बाटली परत पिशवीत टाकावी असं एक क्षण मनात आलं. तेवढ्यात श्रीरंगनं वैजूकडे बघून हात जोडले, वैजूनंही जोडले, आणि श्रीरंगनं केसांतून हात फिरवला. संपलं. जालिंदरनं बाटली ओळीत सातव्या नंबरावर ठेवली.

पहिल्या सहा बाटल्या हसतखेळत गेल्या. नगराध्यक्षांच्या घरच्या पाण्यात अत्तर निघालं, सोनारांच्या घरी चिंच निघाली. श्रीरंगनं प्रयोग भराभर उरकता यावा म्हणून मशीनचा वेग वाढवून ठेवला होता. आता पाच मिनिटांत नावं येत होती.

"सात नंबर कुणाचा?" श्रीरंगनं विचारलं.

"माझा," जालिंदर म्हणाला.

"वा! म्हणजे आता परीक्षा मावशीची." श्रीरंग माइकवर लोकांना म्हणाला, "मंडळी, बाकीच्यांचे कोरे नमुने मी सकाळीच लावून ठेवलेत. तोडकरांचा तेवढा राहिला. ज्यांनी चोवीस वर्षं या गावाचं पाणी चाखलं त्यांनी कोरा नमुना कसा लावतात ते आपल्या सगळ्यांना दाखवावं. त्यांच्याइतका स्वच्छ हात मी पुण्यातही बघितला नाही."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत नाही म्हणता येईना. जालिंदरनं डब्याचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढलं, एकतीस नंबरची बाटली शुद्ध पाण्यानं नेमाप्रमाणे विसळली, परत शुद्ध पाण्यानं भरली आणि लावली. प्रत्येक बाटलीच्या बुडाला खूण असते. मावशीनं खूण वाचली आणि मोठ्या पडद्यावर, हॉलभर दिसेल अशा अक्षरांत, तिचा इतिहास आला.

"बाटली ३१. मागचा नमुना: श्रीरंगचा डबा. वैजूचा हात? कोरा नमुना: लावला नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. शेजारणीनं वैजूकडे बघितलं, मग बघायचं टाळलं. वैजू पडद्याकडे बघत होती. एकेक शब्द वाचताना तिचे ओठ हलत होते.

तेवढ्यात कोऱ्या नमुन्याचा निकाल आला. शुद्ध पाण्याचा निकाल.

"कांदा. लसूण. सुकं खोबरं. तिरफळ."

कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. श्रीरंगला अजून काही उमगलं नव्हतं, त्यानं सवयीनं डब्याचं पाणी लावलं, मशीननं कोरा वजा केला आणि खऱ्या नमुन्यात जे काही उरलं ते पडद्यावर टाकलं: "मूग डाळ. तांदूळ. दुधी."

"अहो, हा तर माझाच डबा आहे," श्रीरंग गोंधळून म्हणाला. "खानावळीतून येतो. मला अल्सर आहे. तिखटाचा वाससुद्धा चालत नाही, म्हणून वेगळा बसतो. चिपळूणला त्या कालवणानं मला दोन दिवस दवाखान्यात..." तो पडद्याकडे वळला. वरची ओळ त्यानं आता वाचली. मग त्यानं हातातला माइक टेबलावर ठेवला.

"मग आमचा डबा कुठं गेला?" जालिंदरच्या तोंडून निघून गेलं. माइक चालूच होता.

"माझ्या घरी," इक्बाल खालून उठला. त्याचं हसू कधीच उतरलं होतं. "माझी लेक रुबीना बाळंत झाली. मंगळवार-शुक्रवार वहिनी तिला शेपूची भाजी, आळिवाचे लाडू आणून देतात. अरे, त्यांनी तुला सांगितलं होतं. मला वाटलं, तू नुसती मजा करतोयस. मी पण मजा केली. मला काय माहीत तुझ्या पोटात एवढं..."

वैजू उठली. कुणाकडे न बघता रांगेतून बाहेर पडली आणि दारातून निघून गेली. चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

घरी ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. जालिंदर दारात उभा राहून म्हणाला, "वैजू, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"कोरा लावायला हवा होता."

"म्हणजे मशीनला विचारायचं राहिलं? मला विचारायचं नाही?"

जालिंदर पायातली चप्पल काढायला वाकला. ती म्हणाली, "तुमचा तो कोरा नमुना. तुमच्या हातात आता आहे त्याचा आकडा किती?"

"तीनच्या वर असेल."

"आणि चांगला म्हणजे किती?"

"शून्य."

"मग शून्य येईपर्यंत या घरात तुम्हाला मसाला नाही."

आणि खरंच नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यात वरण, भात, उकडलेला दुधी. रोज दुपारी जालिंदर आणि श्रीरंग मशीनच्या खोलीत समोरासमोर बसून तेच अळणी जेवायचे. पाचव्या दिवशी श्रीरंग म्हणाला, "खरं सांगू? मी नाही म्हटलं नव्हतं. तिनंच म्हटलं होतं." जालिंदरनं दुधीची एक फोड त्याच्या पुडात टाकली. पोटातल्या मोटारीचा आवाज त्या दिवशी जरा कमी झाला. बंद नाही झाला.

बाटलीला आणि हातांना रस्सा लावणारी ती पिशवी त्यानं सोड्याच्या पाण्यात चारदा उकळली. लाल डाग गुलाबी झाला, मग पिवळट. रोज संध्याकाळी तो स्वतःच्या हाताचा कोरा नमुना लावायचा आणि चिठ्ठी घरी नेऊन ओट्यावर ठेवायचा. तीन पूर्णांक एक. दोन पूर्णांक चार. नऊ दिवसांनी एक. वैजू चिठ्ठी वाचायची आणि परत दुधी चिरायला घ्यायची. इक्बालनं माफी म्हणून पाठवलेला खिमा तिनं जालिंदरसमोर बसून एकटीनं खाल्ला.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं चिठ्ठी ठेवली आणि तिथंच उभा राहिला.

वैजूनं वाचलं. "पॉइंट एक. शून्य नाही आलं."

"शून्य कधीच येत नाही वैजू. कुणाचंच नाही. एवढं उरतंच."

"कशाचं आहे ते?"

"मावशी म्हणते, तिरफळ."

तिनं चिठ्ठी घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवली. मग वरच्या फळीवरून बरणी काढली, झाकण उघडलं. एकोणीस दिवसांनी तो वास आला आणि जालिंदरला शिंका आली, डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या श्रीरंगरावांना जेवायला बोलवा," ती खलबत्ता पुढे ओढत म्हणाली.

पोटातल्या मोटारीनं घरघर केली. "त्याला तिखट चालत नाही."

"त्यांना अळणी करीन."

"आणि मला?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या टकलाकडे, आणि बत्ता त्याच्या हातात दिला. "कुटा."

त्यानं बाही वर सारली, मोजून चार तिरफळं घातली, आणि मग तिची पाठ वळलेली बघून हळूच पाचवं.

"बघितलं मी," वैजू म्हणाली.